लोड 63, आणि प्रोसेसर रिकामा

पुण्यातल्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, आयआयटीएमकडे अर्क आहे, जीएमआरटीकडे परम रुद्र आहे. अशा क्लस्टरवर काम करणारे बरेच जण मुळात रसायनशास्त्राचे, हवामानशास्त्राचे किंवा खगोलशास्त्राचे असतात. टर्मिनल ते गरजेपुरतं शिकतात, बहुतेक वेळा सीनियरच्या शेजारी बसून. त्यामुळे नोडवरचा लोड आणि उरलेली मेमरी हे दोन आकडे सगळे बघतात, पण त्यांचा अर्थ ऐकीव असतो. आकडा चुकीचा वाचला की त्याची किंमत मोजावी लागते. नीट चाललेला जॉब मारला जातो, गरज नसताना दुप्पट मेमरी मागितली जाते आणि रांगेत मागे उभ्या असलेल्याचे दिवस वाया जातात. म्हणून यातले नेहमीचे गैरसमज एकदा नीट तपासून घेऊ.

“लोड म्हणजे प्रोसेसर किती टक्के व्यस्त आहे ते.”

सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज हाच. ‘अपटाइम’ ही कमांड दिली की ओळीच्या शेवटी लोडचे तीन आकडे येतात. ते टक्के नसतात. सरासरी किती प्रोसेस चालू आहेत किंवा कोअर मिळण्याची वाट बघत आहेत, याची ती संख्या असते. म्हणजे नोडला कोअर किती हे माहीत नसेल तर लोड वाचताच येत नाही. 4 कोअरच्या यंत्रावर 40 लोड म्हणजे मोठी रांग, तर 48 कोअरच्या नोडवर 40 म्हणजे अजून जागा आहे. कम्प्यूट नोडवर लोड कोअरच्या संख्येइतका असेल तर घाबरायचं कारणच नाही, नोड त्यासाठीच घेतलेला असतो. मला खरी काळजी वाटते ती उलट चित्राची. कोणीतरी 48 कोअर अडवून ठेवले आहेत आणि लोड 1 आहे. म्हणजे प्रोग्राम एकाच कोअरवर चालला आहे आणि बाकीचे 47 कोअर कोणालाच मिळत नाहीत.

लिनक्सवर या आकड्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. 1970 च्या दशकात टेनेक्स या प्रणालीत लोड मोजायचे तेव्हा प्रोसेसरची रांगच मोजली जायची. लिनक्समध्ये 1993 मध्ये माथियास उर्लिक्स यांनी एक बदल सुचवला आणि तो स्वीकारला गेला. डिस्कसारख्या ठिकाणी अडकलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेसही मोजायच्या, असा तो बदल. वेगवान स्वॅप डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र हळू होतं आणि लोड मात्र उतरतो, हे त्यांना विसंगत वाटलं होतं. तेव्हापासून लिनक्सचा लोड प्रोसेसरपुरता राहिलेला नाही.

क्लस्टरवर याचा अनुभव हमखास येतो. समजा 48 कोअरच्या नोडवर लोड 63 आहे आणि ‘टॉप’ सांगतंय की प्रोसेसर 95 टक्के रिकामा आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. ‘पीएस’ कमांडला प्रोसेसची स्थिती, मालक आणि ‘डब्ल्यूचॅन’ (प्रोसेस कर्नलमध्ये कुठे थांबली आहे ते) हे रकाने मागा. स्थितीच्या रकान्यात ‘डी’ (मध्येच उठवता न येणारी प्रोसेस) अक्षरांची रांग दिसली आणि ‘डब्ल्यूचॅन’मध्ये एनएफएस किंवा लस्टर या सामायिक फाइल सिस्टिमची फंक्शन दिसली, तर नोडवर कामाचा भार नाही, फाइल सर्व्हरच उत्तर देत नाहीये. अशा वेळी जॉब मारायला गेलात तर साध्या ‘किल’ने त्या प्रोसेस हलतही नाहीत. अॅडमिनला कळवायचं ते फाइल सिस्टिमबद्दल. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या 4.20 कर्नलपासून ‘प्रॉक’ डिरेक्टरीत ‘प्रेशर’ नावाची जागा आहे. तिथे प्रोसेसर, मेमरी आणि आयओ यांच्यासाठी कामं किती वेळ खोळंबली, हे वेगवेगळं वाचता येतं. आपल्या नोडवर ही सोय चालू असेल तर लोडच्या आधी ती बघावी.

“पहिला आकडा म्हणजे गेल्या मिनिटाची सरासरी.”

तशी साधी सरासरी ती नाही. कर्नल दर 5 सेकंदांनी जुन्या आकड्याचं वजन थोडं घटवून नव्याची भर घालतं. रिकाम्या नोडवर एक जॉब एका कोअरवर सुरू केला, तर मिनिटभरानंतर लोड 1 न दिसता 0.6 च्या आसपास दिसतो. जॉब टाकून लगेच आकडा बघायचा आणि अस्वस्थ व्हायचं, यात काही हशील नाही.

“टॉपमध्ये 100 टक्के दिसतंय, म्हणजे काम जोरात चालू आहे.”

अनेक नोडांवर एकत्र चालणाऱ्या एमपीआयच्या प्रोग्रामला हे अजिबात लागू होत नाही. एमपीआयच्या अनेक अंमलबजावण्यांमध्ये दुसऱ्या नोडच्या संदेशाची वाट बघणारी प्रोसेस झोपी जात नाही, ‘आला का, आला का’ हे सतत तपासत राहते. संदेश आल्यावर क्षणही दवडायचा नाही म्हणून ही रचना मुद्दाम केलेली असते. पण बाहेरून बघताना गणित करणारी प्रोसेस आणि नुसती वाट बघणारी प्रोसेस सारख्याच दिसतात. 16 पैकी 1 नोड अडकला, तर उरलेले 15 नोड रात्रभर 100 टक्के दाखवत राहतील. जॉब पुढे सरकतोय का, हे त्याच्या आउटपुट फाइलवरूनच कळतं.

“मेमरी संपत आली, फक्त 4 जीबी फ्री आहे.”

‘फ्री’ कमांडच्या ओळीत एकूण 251 जीबी, ‘फ्री’ 4, ‘बफ/कॅश’ 195 आणि ‘अव्हेलेबल’ 190 असं दिसलं, तर नोड ठणठणीत आहे. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवायला वापरतं आणि प्रोग्रामने मागितली की बहुतांशी सोडून देतं. 2014 मधल्या 3.14 कर्नलपासून ‘अव्हेलेबल’चा अंदाज कर्नल स्वतःच देतं. वाचायचा रकाना तो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. सामायिक मेमरीत, म्हणजे ‘डेव्ह’खालच्या ‘एसएचएम’मध्ये, टाकलेल्या फाइलीही कॅशमध्येच मोजल्या जातात आणि त्या आपोआप सुटत नाहीत. मेलेला जॉब तिथे काही सोडून गेला असेल, तर ‘शेअर्ड’चा रकाना फुगलेला दिसतो.

हाच घोळ जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्ममध्ये पुन्हा होतो. ‘एसइन्फो’ला प्रत्येक नोडची मोकळी मेमरी मागितली की ‘फ्रीमेम’ येतं, आणि त्यात कॅशला दिलेली मेमरी मोकळी धरलेली नसते. शिवाय जॉबला जागा देताना स्लर्म तो आकडा बघतच नाही. मेमरीचा हिशोब ठेवायला सांगितलेलं असेल तर तो बघतो जॉबने मागितलेली मेमरी, म्हणजे ‘अॅलॉकमेम’. एखाद्याने 200 जीबी मागून 12 वापरली, तरी उरलेली 188 जीबी दुसऱ्याला मिळत नाही. स्वॅप थोडा वापरलेला दिसला म्हणूनही घाबरू नये. ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत येणारी आणि स्वॅपमध्ये जाणारी मेमरी) सतत हलत असतील तर काळजी करावी. त्यातली पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यायची.

“नुसतं बघितल्याने काय बिघडतंय?”

अनेक नोडांवर एकच कमांड चालवणाऱ्या पीडीएसएचने सगळ्या नोडांवर एकदम ‘अपटाइम’ चालवणं सोपं आहे. एका वेळी 32 नोडांशी तो बोलतो, आणि ‘डीएसएचबॅक’ला जोडलं की उत्तरं नोडवार लावलेली मिळतात. अधूनमधून असं बघायला हरकत नाही. पण ‘वॉच’ लावून दर सेकंदाला शेकडो नोड चाळले, तर चालू जॉबला त्याचा त्रास होतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत अॅस्की क्यू या 8,192 प्रोसेसरच्या यंत्रावर एक प्रोग्राम अपेक्षेपेक्षा बराच हळू चालत होता. पेट्रिनी, कर्बिसन आणि पेकिन यांनी 2003 मध्ये त्याचं कारण मांडलं. प्रत्येक नोडवर मधूनमधून जागे होणारे कर्नलचे आणि व्यवस्थापनाचे डीमन हे ते कारण होतं. एक नोड क्षणभर थांबला की बाकी सगळे त्याच्यासाठी थांबत. मोठ्या जॉबमध्ये प्रत्येक नोडच्या 4 प्रोसेसरपैकी 3 च वापरले तर काम जास्त वेगाने होत होतं. ही गडबड कमी केल्यावर त्या प्रोग्रामचा वेग दुप्पट झाला. स्लर्मची रांग दाखवणारी ‘एसक्यू’ दर सेकंदाला चालवणंही टाळावं, कारण तो प्रत्येक प्रश्न सगळ्या क्लस्टरचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या एकाच सर्व्हरकडे जातो.

“नोडवर 100 जीबी मोकळी होती, तरी माझा जॉब मेमरीअभावी मेला. सिस्टिमच बिघडली आहे.”

मर्यादा नोडची नसते, आपण मागितलेल्या मेमरीची असते. कर्नलच्या सीग्रुप या सोयीने आखलेली ती सीमा ओलांडली की आतल्या प्रोसेस मारल्या जातात, शेजारी कितीही जागा असो. मग स्लर्मच्या ‘एसअॅक्ट’मध्ये ‘मॅक्सआरएसएस’, म्हणजे वापरलेली कमाल मेमरी, 20 जीबी दिसते, मर्यादा 32 असते आणि माणूस चक्रावतो. मुळातलं सेटिंग बदललेलं नसेल तर स्लर्म हा आकडा दर 30 सेकंदांनी टिपतो. दोन टिपणांच्या मधल्या वेळात एखादी मोठी अॅरे तयार झाली आणि जॉब मेला, तर ती नोंदलीच जात नाही. छोट्या नमुन्यावर तोच प्रोग्राम ‘टाइम’ कमांडला ‘व्ही’ हा पर्याय देऊन चालवावा. शेलमध्ये याच नावाची अंगभूत कमांड असते, ती इथे उपयोगाची नाही, म्हणून ‘यूएसआर’ आणि ‘बिन’सह पूर्ण पत्ता लिहावा. त्याने मिळणारा कमाल आकडा कर्नलने स्वतः धरून ठेवलेला असतो, 30 सेकंदांच्या टिपणातून आलेला नसतो. मात्र तो सगळ्यांत मोठ्या एका प्रोसेसचा असतो. आठ प्रोसेस असतील तर बेरीज आपल्यालाच करावी लागते.