विश्लेषण : जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा भाव कशावर ठरतो? शटर काउंट, लेन्स की पावसाळा?

तालुक्याच्या गावात लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या छायाचित्रकारासाठी कॅमेरा ही हौस नसते, भांडवल असते. नवा मिररलेस कॅमेरा घ्यायचा तर जुना डीएसएलआर विकून हाती येणारी रक्कम हाच पहिला हप्ता. पण दुकानदार आकडा सांगतो तेव्हा अनेकांना आपण फसवले जात आहोत असे वाटते. कॅमेरा चालू आहे, फोटो पूर्वीसारखेच येतात, मेगापिक्सेल कुठे कमी झालेले नाहीत. मग लाखाची वस्तू काही हजारांवर आली कशी? दुसरीकडे २०२० मध्ये बाजारात आलेला एक छोटा कॅमेरा मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने जुन्या बाजारात विकला गेला. या दोन्हींमागे हिशेब आहे, आणि तो कॅमेरा किती वापरला एवढ्यावर संपत नाही.

शटर काउंट म्हणजे काय?

जुनी दुचाकी घेताना आपण पहिल्यांदा किलोमीटर पाहतो. कॅमेऱ्यात तसाच पहिला प्रश्न ‘किती क्लिक झालेत?’ हा असतो. सेन्सरच्या पुढे दोन बारीक पडदे असतात. प्रत्येक फोटोला ते सेकंदाच्या अगदी छोट्या भागात उघडतात आणि मिटतात. डीएसएलआरमध्ये त्याबरोबर आरसाही वर-खाली होतो. हलणारा भाग झिजतो, म्हणून कंपन्या शटरची चाचणी घेऊन आकडा जाहीर करतात. निकॉन डी३५०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलसाठी तो १ लाख आहे, कॅनन ५डी मार्क ३ साठी दीड लाख, निकॉन डी८५० साठी २ लाख, तर कॅननच्या १डी एक्स या व्यावसायिक कॅमेऱ्यासाठी ४ लाख.

एका लग्नात अडीच हजार क्लिक आणि वर्षाला ४० लग्ने असा साधा हिशेब धरला, तर एका वर्षात १ लाख क्लिक होतात. हौशी माणूस वर्षाला ५ हजार फोटो काढत असेल तर त्याच आकड्याला २० वर्षे लागतील. म्हणजे तीन वर्षांचा कॅमेरा सात वर्षांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ‘म्हातारा’ असू शकतो.

मात्र हा आकडा म्हणजे औषधावरची मुदत नव्हे. काही शटर त्याआधीच जातात, काही दुप्पट क्लिक होऊनही चालू राहतात. किमतीवर त्याचा परिणाम होतो तो दुरुस्तीच्या हिशेबामुळे. समजा, बॉडीची किंमत १५ हजार आहे आणि शटर बदलायला ८ हजार लागणार आहेत. असा कॅमेरा घेणारा अर्ध्या किमतीचा जुगार खेळतो, म्हणून तो भाव पाडून मागतो. बॉडी ९० हजारांची आणि शटरचा खर्च १५ हजार असेल, तर जास्त काउंट हा फक्त घासाघीस करण्याचा मुद्दा ठरतो. स्वस्त कॅमेऱ्याला शटर काउंट मारतो, महागड्याला फक्त चिमटा काढतो.

हा आकडा किती खरा मानायचा?

निकॉनचे बहुतेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा लिहून ठेवतात. कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये तो फोटोत सापडत नाही. कॅमेरा केबलने संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. विक्रेत्याकडे नमुना फोटो मागताना मूळ फाइल ई-मेल किंवा ड्राइव्हवर मागावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही सगळी माहिती गळून पडते आणि हाती फक्त सुंदर गुलाब उरतो.

आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. व्हिडीओ चालू असताना शटर उघडेच राहते. चार-चार तास शूटिंग झालेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर आणि सर्किट तापून तापून थकलेले असतात, पण काउंट मात्र १२ हजार. ‘फक्त १२ हजार क्लिक’ ही जाहिरात खोटी नसते, अपुरी असते. मिररलेसमध्ये आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर पडदे हलतच नाहीत. निकॉनच्या २०२१ च्या झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. तिथे हा प्रश्नच निकालात निघतो.

म्हणून जाणकार खरेदीदार आकड्याआधी कॅमेऱ्याचे अंग पाहतो. वरच्या फ्लॅशच्या खाचेतला रंग उडाला आहे का, एचडीएमआय आणि माइकचे पोर्ट ढिले झालेत का, पकडीचे रबर सुटले आहे का, पट्टा अडकवायच्या कड्या घासल्या आहेत का. लेन्स कॅप लावून जास्त सेकंदांचा एक काळा फोटो काढला की सेन्सरवरचे बिघडलेले ठिपके दिसतात. एफ १६ वर आकाशाचा फोटो काढला की धूळ आणि तेलाचे डाग दिसतात. पाच मिनिटांचे काम आहे. तेवढे करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये, असे माझे मत.

मग डीएसएलआर एवढे का उतरले?

याचे उत्तर कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या कड्यात, म्हणजे माउंटमध्ये आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. कित्येक वर्षे या दोन कड्यांवर जगाची छायाचित्रण बाजारपेठ उभी होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनने झेड आणि सप्टेंबरमध्ये कॅननने आरएफ हे मिररलेससाठीचे नवे माउंट जाहीर केले. सोनी आपल्या ई माउंटवर २०१० पासूनच होती. २०२० मध्ये आलेला १डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा अग्रणी डीएसएलआर असेल, असे कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस जपानी वृत्तपत्राला सांगितले.

त्या दिवशी कोणाचाही कॅमेरा बिघडला नाही. पण विकत घेणारा आजच्या फोटोचे पैसे देत नाही, पुढच्या वाटेचे देतो. या बॉडीला पुढे नवी लेन्स येणार का, सुटे भाग मिळणार का, दोन वर्षांनी मी हा विकायला काढला तर कोण घेईल? या प्रश्नांची उत्तरे डळमळली आणि भाव खाली आले.

इथे मेगापिक्सेल किती बिनकामाचे आहेत तेही दिसते. २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये २२ मेगापिक्सेल आहेत, २०१८ च्या सोनी ए७ थ्रीमध्ये २४. फरक नगण्य. पण सोनीत फोर-के व्हिडीओ आहे आणि नवरी चालत आली तरी फोकस तिच्या डोळ्यावर चिकटून राहतो. आज लग्नाची ऑर्डर रीलसकट येते, त्यामुळे बाजार पैसे देतो ते या दोन गोष्टींना.

लेन्सचे गणित वेगळे आहे. बॉडी हा शेवटी संगणक आहे आणि संगणकासारखाच जुना होतो. लेन्स ही काच आहे. चांगली काच पुढच्या बॉडीवरही चालते, पण ती जोडता आली पाहिजे. कॅननने १९८७ पासूनच फोकसची मोटर लेन्समध्ये बसवली. त्यामुळे ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून नव्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना मोटर नाही, ती बॉडीत असायची. झेड मालिकेच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्येही मोटर नाही, त्यामुळे या लेन्स बसतात पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस लेन्समध्ये मोटर असते, तिला ही अडचण नाही. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन ५० मि.मी. लेन्सच्या भावात फरक पडतो तो असा. आणि १८-५५ ची किट लेन्स? ती प्रत्येकाकडे आधीच असते. तिचे वेगळे पैसे मागू नयेत.

नव्या कॅमेऱ्याची किंमत हे जुन्याचे छप्पर असते, हेही विसरता येत नाही. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०१८ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. असा निर्णय झाला किंवा दिवाळीची सवलत लागली, की ज्याने आदल्या महिन्यात पूर्ण पैसे मोजले त्याच्या कॅमेऱ्याचा भाव कपाटात बसल्या बसल्या उतरतो.

पावसाळ्याचा काय संबंध?

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, लेन्सच्या किमतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुरशी. बाजारातला शब्द ‘फंगस’. दमट, बंद आणि अंधारी जागा तिला आवडते. म्हणजे कपाटात ठेवलेली कॅमेऱ्याची बॅग. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात. सुरुवातीला फोटोत काही कळत नाही. पुढे प्रकाशासमोर फोटो फिकट, धुरकट येऊ लागतात. बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, त्यामुळे लेन्स उघडून साफ केली तरी खूण उरू शकते. म्हणून ‘थोडासा फंगस’ असलेल्या लेन्सला ‘थोडीशी’ सूट मिळत नाही. भाव एकदम कोसळतो.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझ्या पहिल्या ५० मि.मी. लेन्सला हॉस्टेलच्या कपाटात एका पावसाळ्यात जाळी धरली. विकायला गेलो तेव्हा दुकानदाराने मोबाइलचा टॉर्च मागून लावला, आतून पाहिले आणि काही न बोलता लेन्स परत दिली. ती टॉर्चची चाचणी मी तिथे शिकलो. झाकणे काढायची, अॅपर्चर पूर्ण उघडायचे, एका बाजूने प्रकाश टाकून तिरके पाहायचे. चार धुळीचे कण असणारच, त्यांना घाबरायचे कारण नाही. धागे दिसले तर मात्र लेन्स ठेवून द्यायची.

उपाय महाग नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारे ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्याही वेळोवेळी वाळवलेल्या.

एकाच मॉडेलची बदनामी होते का?

होते, आणि ती चिकटते. निकॉन डी६०० हा २०१२ चा चांगला फुल फ्रेम कॅमेरा. पण त्याच्या सेन्सरवर धुळीचे आणि तेलाचे डाग पडतात, अशी ओरड झाली. वर्षभरात जवळपास तसाच डी६१० आला आणि २०१४ मध्ये कंपनीने डी६०० चे शटर वॉरंटी संपली असली तरी मोफत बदलून देण्याची घोषणा केली. तरीही आज जुना डी६०० घेताना विचारले जाते, ‘शटर बदलल्याची पावती आहे का?’

छोट्या कॅमेऱ्यांचे भाव उलट का चढले?

कॅमेरा उत्पादकांच्या सीपा या जपानी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मोबाइलने छोटे कॅमेरे संपवले आणि कंपन्यांनी ते बनवणे थांबवत नेले. नेमके तेव्हाच नव्या पिढीला ते हवेसे झाले. अमेरिकेत १,३९९ डॉलरना आलेल्या फुजीफिल्म एक्स१०० व्हीची समाजमाध्यमांवर एवढी चर्चा झाली, की नवा मिळेना आणि वापरलेला त्याहून महाग झाला. २०२४ मधल्या त्याच्या पुढच्या मॉडेललाही प्रतीक्षा यादी लागली.

याच लाटेत घरोघरच्या ड्रॉवरमधले जुने सीसीडी सेन्सरचे कॅमेरे बाहेर आले. त्या ‘जादुई’ रंगांत सीसीडीचा वाटा जितका सांगितला जातो तितका नसावा. छोटा सेन्सर, समोरून मारलेला फ्लॅश आणि त्या काळचे प्रोसेसिंग यांचे ते मिश्रण आहे. घ्यायचाच तर आधी बॅटरी आणि कार्ड पाहावे. एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागणारा कॅमेरा स्वस्तात मिळाला, तरी कार्ड शोधताना दमछाक होते.

बिल आणि खोक्याला एवढे महत्त्व का?

बिल म्हणजे मालकीचा पुरावा. बॉडीवरचा अनुक्रमांक बिल आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. अनेक कॅमेरे तोच क्रमांक फोटोच्या फाइलमध्येही लिहितात, त्यामुळे तिन्ही ठिकाणी पडताळून पाहता येतो. परदेशातून आणलेल्या, भारतीय वॉरंटी नसलेल्या ‘ग्रे’ मालाला वॉरंटीच्या काळात कमी भाव येतो. वॉरंटी संपल्यावर हा फरक आटतो. मुंबईत बोरा बाजारात किंवा अन्यत्र दुकानात विकायला गेल्यावर मिळणारा भाव थेट ग्राहकाला विकण्यापेक्षा कमीच असतो. दुकानदार त्यातून स्वतःचा नफा, त्या नफ्यावरचा जीएसटी आणि पुढच्या ग्राहकाला द्यावी लागणारी हमी वजा करतो. बिल नसेल तर चोरीच्या मालाची जोखीमही त्याच्याच डोक्यावर येते. मग तो कॅमेरा पाहण्याआधीच नाही म्हणू शकतो.