एक्सल काढणं सोपं, बसवणं महत्त्वाचं!

गाडी चालवणारी बाई आता तालुक्याच्या गावातही कुणाला नवलाची वाटत नाही. मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, आठवड्याचा बाजार, लग्नकार्य... सगळं ती स्वतः स्टिअरिंगवर बसून उरकते. स्टेपनी बदलणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. पण गाडी जॅकवर चढली आणि मिस्त्रीने खाली वाकून मान हलवली, की आपण दोन पावलं मागे सरतो. "दादा, तुम्ही म्हणाल ते करा," असं म्हणून पर्स उघडतो.

मिस्त्री बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. पण तो काय सांगतोय, हे आपल्याला कळायला नको का? आज अशाच एका कामाची ओळख करून घेऊ या. काही हौशी मंडळी हे काम घरच्या अंगणात करतात, आणि अर्धवट झालं तर थेट जिवावर बेतू शकतं. ते म्हणजे गाडीचा एक्सल काढून परत बसवणं.

एक्सल म्हणजे नेमकं काय?

इंजिन फिरतं, गिअरबॉक्स फिरतो. पण ते फिरणं चाकापर्यंत पोचवायचं कुणी? कार्ल बेंझच्या पहिल्यावहिल्या मोटारीत हे काम साखळ्या करत. १८८८ साली त्याची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. साखळीने त्रास दिला, तेव्हा लोहाराला गाठलं. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्ती, दोन्ही एका बाईच्या नावावर आहेत बरं का!

आता साखळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी पोलादी दांडे आले. १९८३ साली आलेली मारुती ८००, नंतरच्या अल्टो, वॅगन आर, सॅन्ट्रो, इंडिका या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. गिअरबॉक्सपासून डाव्या-उजव्या पुढच्या चाकापर्यंत एकेक दांडा जातो, तोच एक्सल. चाक फिरताफिरता वळतंही आणि खड्ड्यात वर-खालीही होतं. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकणारे सांधे असतात, अगदी आपल्या मनगटासारखे. चाकाकडच्या सांध्यात बहुधा सहा पोलादी गोळ्या असतात. ही रचना अल्फ्रेड झेप्पा या अमेरिकेतल्या अभियंत्याने १९२०च्या दशकात शोधली. सांध्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्यावर घड्या-घड्यांचं रबरी आवरण असतं. गॅरेजमध्ये त्याला 'बूट' म्हणतात.

गाडी आधी सांगते, आपण ऐकायचं

खरं दुखणं या बुटापासून सुरू होतं. रबर जुनं झालं की चिरतं. फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर उडतं आणि आत धूळ, चिखल, पाणी जातं. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर तर विचारूच नका! मग तो पोलादी सांधा आतल्या आत घासत राहतो.

चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर बूट फाटलाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना 'कट कट कट' असा आवाज येतो, तेव्हा बाहेरचा सांधा झिजलाय. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर आतल्या सांध्यावर संशय घ्यायचा. गिअरबॉक्सपाशी एक्सल आत शिरतो तिथे तेल ओघळलंय? तिथलं ऑईल सील गेलं असणार.

एवढं माहीत असलं की गॅरेजमधलं बोलणं कसं बदलतं पाहा.

"वहिनी, एक्सल गेला. पूर्णच बदलायला लागेल."

"दादा, नुसता बूट फाटलाय की जॉइंट पण गेलाय? आवाज तर अजून येत नाहीये. मला जरा खालून दाखवता?"

बूट काही शेकड्यांत येतो, नवा एक्सल काही हजारांत. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलून, सांधा धुऊन, नवं ग्रीस भरलं तर बहुतेकदा तोच एक्सल पुढे वर्षानुवर्षं चालतो. मात्र कटकट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही. तिथे मिस्त्री 'बदला' म्हणाला, तर तो बरोबरच आहे.

आधी जीव, मग गाडी

घरी काम करायचं असेल तर पहिला नियम असा की, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. नवरा नाही, दीर नाही, आपणही नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हॅन्डब्रेक ओढा, आणि बॉडीखाली मजबूत लोखंडी स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. ओढणी खोचून घ्या, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. आणि पहिल्यांदा करताना सोबत जाणकार माणूस हवाच.

सुटं करायचा क्रम थोडक्यात असा. चाक गाडी जमिनीवर असतानाच थोडं सैल करायचं. एक्सलच्या टोकाचा मोठा नटही तेव्हाच नुसता हलवून मोकळा करायचा, कारण तो फार घट्ट असतो. मग गाडी उचलून चाक काढायचं, खालचा बॉल जॉइंट सोडवायचा आणि एक्सल आधी चाकाच्या हबमधून, मग गिअरबॉक्समधून काढायचा. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला, तर तो नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधायचा.

परत बसवताना

खरी परीक्षा इथे असते. घाईही इथेच होते, कारण संध्याकाळ झालेली असते आणि सगळे कंटाळलेले असतात.

आणलेला एक्सल जुन्याशेजारी ठेवून पाहा. लांबी सारखी आहे का? टोकाचे दाते तितकेच आहेत का? मिक्सरच्या भांड्याखालचे दाते जुळले नाहीत तर भांडं बसत नाही, तसंच हे. डावा आणि उजवा एक्सल वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

गिअरबॉक्सचं ऑईल सील म्हणजे कुकरची रिंगच म्हणा ना. स्वस्त वस्तू, पण खराब झाली की सगळा खेळ बिघडतो. एक्सल काढलाच आहे, तर सील नवंच घाला. त्याच्या ओठाला थोडं तेल लावा. एक्सल आत सरकवताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका.

एक्सलच्या आतल्या टोकाला बऱ्याच गाड्यांत तारेची छोटी रिंग असते. तिला सर्कलिप म्हणतात. एक्सल पूर्ण आत गेला की ती आपल्या खाचेत 'टक्' करून बसते. शिलाई मशीनची बॉबिन केस बसल्यावर कसा आवाज येतो, तसाच. तो आवाज आला तरी विश्वासावर राहू नका. आतल्या सांध्याची वाटी धरून बाहेरच्या दिशेला हलकेच ओढा. ती यायला नको. मधला दांडा मात्र ओढायचा नाही, नाहीतर सांधाच आतून निसटतो.

दुसरं टोक हबमध्ये घालताना दाते स्वच्छ पुसा आणि हाताने जुळवा. आट्यांच्या टोकावर हातोडा चालवायचा नाही. बॉल जॉइंट जागेवर बसवून त्याचा बोल्ट नीट आवळा. बूट पिळला गेलेला नाही ना, तेही पाहा.

आता तो मोठा नट. तो नवा घेतलेला बरा, कारण बऱ्याच गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो. तो एक्सलला हबशी आणि चाकाच्या बेअरिंगला जागेवर घट्ट धरून ठेवतो. सैल राहिला तर बेअरिंग खराब होतं आणि चाक डुगडुगायला लागतं. म्हणून गाडीचं वजन चाकावर येण्याआधीच तो आवळायचा. एकीने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसरीने पाना चालवायचा. किती आवळायचा? छोट्या गाड्यांतही हा आकडा बहुधा दीडशे न्यूटन-मीटरच्या वर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात मिळतो. तो १७५ असेल, तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला सुमारे ३६ किलो वजन टांगण्याएवढा जोर लागतो! हा जोर अंदाजाने कळत नाही, त्यासाठी टॉर्क रेंच हवाच. शेवटी नटाची कड खाचेत ठोकून किंवा स्प्लिट पिन घालून तो लॉक करायचा. हे विसरलं, तर आधीची सगळी मेहनत फुकट.

एक्सल काढताना गिअर ऑईल सांडलेलं असतंच. छोट्या गाडीत ते मुळात असतं दोन-अडीच लिटर. सांडलं तितकं नाही भरलं, तर गिअरबॉक्स कोरडा पडून मोठा खर्च उभा राहतो.

गॅरेजमध्येच काम केलं तर?

प्रत्येकीने हातात पाना घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. पण काम चालू असताना तिथे उभं राहून, "दादा, सील नवं घातलं ना? नटाला लॉक केलं? गिअर ऑईल किती टाकलं?" एवढं विचारलं, तरी काम करणारा हात सावध होतो. चांगल्या मिस्त्रीला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट पुढच्या वेळी तो आपणहून बोलावतो, "वहिनी, हे बघा, असं आहे." लहान गावात गॅरेजवाला आपल्या ओळखीचाच असतो. त्याच्याशी भांडायचं नाहीये, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता यायला हवं. ज्या गाडीत आपण मुलाबाळांना घेऊन घाट उतरतो, तिचं चाक कशावर टिकलंय, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं. नाही का?

गाडी बाहेर काढण्याआधी एवढं पाहा

- गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दोन-चारदा दाबा.
- चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा एकदा तपासा.
- मोकळ्या मैदानात हळू वेगाने डावीकडे आणि उजवीकडे गोल फिरवून पाहा. कटकट, खडखड काही येतं का?
- रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा. सकाळी त्यावर तेलाचा डाग नसला, तर सील नीट बसलं म्हणायला हरकत नाही.
- पहिले काही दिवस जवळच्याच फेऱ्या मारा आणि मग नट, बूट, तेल पुन्हा बघून घ्या.