‘फान इम्होफ’ : एका डच आगबोटीचे बांधकाम व कारकीर्द

‘फान इम्होफ’ ही मालवाहू आगबोट १९१४ साली रॉटरडॅम येथील फेयेनोर्ड या जहाजबांधणीच्या कारखान्यात तयार झाली. तिची मालक कंपनी के. पी. एम. ही १८८८ साली स्थापन झालेली होती. तत्कालीन डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, बेटांमध्ये टपाल, माल व उतारू यांची नियमित ने-आण करणे हा तिचा व्यवसाय होय. आपल्या जहाजांना जुन्या गव्हर्नर-जनरलांची नावे देण्याचा या कंपनीचा प्रघात होता. गुस्ताफ विल्लेम फान इम्होफ (१७०५–१७५०) हा त्यांपैकीच एक. तो डचांचा अधिकारी खरा. परंतु त्याचे जन्मस्थान लेअर हे गाव आज जर्मनीत आहे.

आगबोटीची एकूण नोंदणी २,९८० टनांची होती. येथे टन हे वजनाचे माप नव्हे, आकारमानाचे होय. मद्याच्या मोठ्या पिंपाचे नाव युरोपात प्रथम जहाजांच्या मापास लागले आणि पुढे १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक नोंदणी-टन असा संकेत रूढ झाला. या हिशेबाने ‘फान इम्होफ’मध्ये सुमारे २,९८,००० घनफूट जागा होती. बेटांवरील खोबरे, रबर, तंबाखू यांसारख्या मालाच्या वाहतुकीसाठी अशी जहाजे बांधली जात.

१० मे १९४० रोजी जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले आणि त्याच दिवसापासून ईस्ट इंडीजमधील जर्मनांची धरपकड सुरू झाली. मिशनरी, डॉक्टर, मळेवाले, इतकेच नव्हे तर काही ज्यूधर्मीयही ‘शत्रुदेशीय’ या एकाच सदरात गणले गेले. जपान युद्धात उतरल्यावर या नजरकैद्यांना सुमात्रातून ब्रिटिश हिंदुस्थानात हलविण्याचे ठरले. पहिल्या दोन जहाजांतील लोक सुखरूप पोहोचले. तिसरे जहाज ‘फान इम्होफ’ हे होते.

१८ जानेवारी १९४२ रोजी ४७८ नजरकैदी घेऊन ते सिबोल्गा बंदरातून निघाले. दुसऱ्या दिवशी जपानी विमानाने त्यावर बाँब टाकले. जीवरक्षक होड्या सर्वांना पुरेशा नव्हत्या. डच खलाशी व पहारेकरी होड्यांतून निघून गेले; नजरकैदी बुडत्या जहाजावर राहिले. नंतर ‘बुलोंगन’ हे डच जहाज तेथे आले, परंतु पाण्यातील माणसे जर्मन आहेत असे कळताच त्यांना न घेता परतले. साठांहून थोडे अधिक नजरकैदी नियास बेटास लागले. चारशेंहून अधिक प्राणांस मुकले. बालीत स्थायिक झालेला चित्रकार वाल्टर श्पीस हा त्यांत होता. तसाच ‘हिकायत हांग तुआह’ या मलय ग्रंथाचे जर्मन भाषांतर १९२२ साली प्रसिद्ध करणारा हान्स ओव्हरबेकही होता. मलय वाङ्मयाच्या अभ्यासास वाहून घेतलेला हा पंडित केवळ ‘शत्रुदेशीय’ म्हणून मरण पावला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. होड्या अपुऱ्या होत्या हे खरे. तथापि त्यांत कोणी बसावे, हे माणसांना लावलेल्या सदराने ठरविले. ‘बुलोंगन’च्या बाबतीत तर अपुऱ्या जागेची सबब पुढे करण्यासही फारसा वाव नाही.

या प्रकरणी नेदरलँड्समध्ये कोणावरही खटला चालला नाही. १९६० नंतरच्या दशकात तेथील दूरचित्रवाणीसाठी तयार झालेला अनुबोधपट दाखविला गेला नाही. या विषयावरील अनुबोधपट डच प्रेक्षकांना पाहावयास मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.