आजारी घटपर्णीची शुश्रूषा

घटपर्णीची वेल आमच्या शास्त्रशाळेंत आली तेव्हां तिच्या पानांच्या टोकांस सहा घट लोंबत होते. गेल्या जानेवारींत स्नेहसंमेलन आटोपल्यावर एका पालकांनीं ती मोठ्या प्रेमानें शाळेस भेट दिली. किडे खाणाऱ्या वनस्पतींविषयीं पुस्तकांत सर्वांनींच वाचलेलें असतें. परंतु तशी वनस्पति प्रत्यक्ष पाहण्याचा योग आमच्यापैकीं बहुतेकांस पूर्वीं आला नव्हता. त्यामुळें पहिले पंधरा दिवस मधल्या सुटींत खिडकीपाशीं मुलांची एकच दाटी होई. एप्रिलची परीक्षा जवळ आली तों त्या सहांपैकीं एकहि घट उरला नव्हता. ते झांकणाकडून वाळत वाळत खालपर्यंत काळे पडले. पानांच्या कडा करपल्या. आणि जीं दोन नवीं पानें आलीं त्यांच्या टोकांचे तंतु घट न धरतांच सुकून गेले. तिची देखरेख करणाऱ्या इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यानें आपणच झाड मारलें असें मनाशीं ठरवून टाकलें होतें, व तें त्यानें घरीं आईस रडत सांगितलें, असें आम्हांस मागाहून कळलें.

झाड मेलें नव्हतें. हल्लीं रोपवाटिकांतून ही वेल मिळूं लागली आहे, आणि ती हौसेनें घेणाऱ्या पुष्कळ घरांतून कांहीं महिन्यांतच कुंडी रिकामी होते, असें पालकांशीं बोलतांना आढळून आलें. म्हणून आमच्या वेलीचें काय बिघडलें होतें आणि ती कशी सावरली, हें येथें थोडें विस्तारानें सांगत आहों.

प्रथम आमचे अपराध सांगावयास हवेत. वेल ज्या भुसभुशीत मिश्रणांत आली होती ती कांहीं खरी माती नव्हे असें वाटून आम्हीं तिला बागेंतील चांगल्या काळ्या मातींत लावलें आणि वर दोन मुठी गांडूळखत घातलें. पाणी रोज विंधनविहिरीचें. कुंडीखालीं बशी, व ती सदा भरलेली. मुलांचे धक्के लागूं नयेत म्हणून खिडकींतून उचलून ती कपाटावर ठेवली, जेथें भर दिवसां वर्तमानपत्र वाचण्यासहि दिवा लागतो. शिवाय कोणा उत्साही मंडळींनीं (नांवें आम्हीं विचारलीं नाहींत) डब्यांतील मटणाचा तुकडा एका घटांत टाकला. चार दिवसांनीं जी दुर्गंधि सुटली तीवरून हें उघडकीस आलें. ह्या मंडळींच्या बाजूनें इतकें सांगितलें पाहिजे कीं जोसेफ हूकर ह्या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञानेंहि असाच उद्योग केला होता. घटांत अंड्याचा पांढरा भाग, मांस व कूर्चा घातली असतां काय होतें, हें त्यानें १८७४ सालीं बेलफास्ट येथील आपल्या व्याख्यानांत सांगितलें. आणि पुढच्याच वर्षीं डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु हूकर प्रयोग करीत होता. तो झाडास जेवूं घालीत नव्हता.

ह्या साऱ्यांत दुर्लक्ष कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. गुलाबाला किंवा जास्वंदीला जें जें दिलें असतां तीं फुलतात तें तें आम्हीं घटपर्णीला दिलें, आणि त्यानेंच ती मरणाच्या दारीं गेली. असें कां व्हावें, हें कळण्यासाठीं ह्या वेलीचें माहेर पाहिलें पाहिजे.

घटपर्णीच्या १५० हून अधिक जाती ज्ञात आहेत. मादागास्कर, श्रीलंका, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाइन्स असा त्यांचा विस्तार आहे. भारतांत एकच जाति आढळते व ती मेघालयांत. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी', म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथें तिच्यासाठीं एक लहानसें अभयारण्य राखलेलें आहे. ह्या प्रदेशांत पाऊस एवढा पडतो कीं जमिनींतील क्षार धुपून जातात. जेथें इतर झाडांस पोटभर मिळत नाहीं अशा दरिद्री जमिनींत ही वेल राहते, आणि मुळांस न मिळणारें नत्र व स्फुरद ती घटांत पडलेल्या मुंग्या-माश्यांतून मिळविते. ह्याचा दाखला आपल्या घराजवळहि आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्यांत तेथें उगवणाऱ्या दवबिंदु व सीतेचीं आसवें ह्या चिमुकल्या वनस्पतीहि ह्याच कारणानें किडे पकडतात. दारिद्र्याची पिढ्यान् पिढ्या संवय झालेल्या मुळांना खताचा एकदम झालेला मारा सोसत नाहीं. विंधनविहिरीच्या पाण्याचेंहि तेंच. पाणी वाफ होऊन उडून जातें, क्षार कुंडींत राहतात. दुसऱ्या दिवशीं आणखी पाणी, आणखी क्षार. आमच्या पाण्यांत क्षार मोजण्याचें लहानसें यंत्र बुडवून पाहिलें तेव्हां आंकडा लिटरास ६०० मिलिग्रॅमच्या वर गेला. घटपर्णीस तो ५० च्या आंत असलेला बरा. पानांच्या करपलेल्या कडांचा अर्थ तेव्हां कोठें आम्हांस कळला.

आतां घटाविषयीं. पुष्कळांस तें फूल वाटतें. वस्तुतः घट हा पानाचाच भाग आहे. पानाची मधली शीर टोकाबाहेर वाढून तंतु होतो आणि त्या तंतूचें टोंक फुगून घट तयार होतो. तो पूर्ण वाढेपर्यंत त्याचें झांकण मिटलेलें असतें, व पाचक रस आंत आधींच जमलेला असतो. झांकण एकदां उघडलें म्हणजे पुन्हां मिटत नाहीं. किडा आंत गेल्यावर तें खट्कन् बंद होतें अशी जी समजूत आहे ती खोटी. किडा पडतो तो तोंडाच्या कंगोरेदार कांठावरून घसरून. हा कांठ ओला झाला कीं मुंगीचेंहि पाऊल त्यावर ठरत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं वेलीस पान हें पोटापुरतें आणि घट हा चैनीचा. उजेड कमी पडला, हवा कोरडी झाली, मुळें दुखावलीं, कीं ती प्रथम घट सोडते आणि नुसतीं पानें काढीत राहते. म्हणून घट नसणें हें मरणाचें लक्षण नव्हे. तसेंच, वाळलेला घट पुन्हां हिरवा होत नाहीं, करपलेलें पान पुन्हां सांधत नाहीं. त्यांकडे पाहून निराश होण्यांत अर्थ नाहीं. पाहावें तें शेंड्याचें सर्वांत नवें पान.

आम्ही एप्रिलच्या शेवटीं कामास लागलों. प्रथम कुंडी उपडी केली. मुळें काळीं दिसतांच कुजलीं म्हणून एकच ओरड झाली. परंतु घटपर्णीचीं निरोगी मुळेंहि काळींच असतात. चिमटींत धरतां जें मूळ मऊ लागून साल सुटून येतें तें कुजलेलें. जें बारीक तारेसारखें ताठ राहतें तें जिवंत. अर्ध्याहून थोडीं अधिक जिवंत होतीं. मुळें ठिसूळ असल्यानें माती ओढून न काढतां शुद्ध पाण्यांत हलक्या हातानें सोडविली. नवीन मिश्रण स्फॅग्नम नांवाच्या वाळलेल्या शेवाळाचें, त्यांत परलाइटचे पांढरे खडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडणांतहि क्षार असतात. तीं तीन दिवस पाणी बदलून बदलून भिजवलीं. खत मुळींच नाहीं.

पाण्याचा प्रश्न अवघड होता, कारण पाऊस दीड महिना दूर. उकळलेलें पाणी चालेल असें कांहींनीं सुचविलें; परंतु उकळण्यानें जंतु मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात. अखेर मोटारीच्या दुकानांत बॅटरींत घालण्यासाठीं शुद्ध पाणी मिळतें तें आणलें. हें आणतांना बाटलीवरील चिठ्ठी मोठ्या माणसांनीं नीट वाचावी, कारण त्याच फळीवर बॅटरीचें आम्लहि ठेवलेलें असतें. पाणी वरून घालून खालून पूर्ण निथळूं दिलें आणि भरलेली बशी काढून टाकली. ह्या वेलीस ओलावा हवा, डबकें नको.

ह्यानंतर उजेड. कपाटावरची जागा सोडून वेल पूर्वेच्या खिडकींत आली. तेथें सकाळचें ऊन दोन तास मिळतें व पुढें दिवसभर भरपूर उजेड असतो. अंधारांतून एकदम उन्हांत आणूं नये. आम्हीं पहिला आठवडा खिडकीवर पातळ पांढरें कापड लावलें होतें. अंधाऱ्या जागेंतील घटपर्णीचीं पानें लांब, मऊ व गर्द हिरवीं होतात, आणि हौशी मनुष्यास तीं प्रकृति सुधारल्याचें चिन्ह वाटतात. पुरेशा उजेडांत पान थोडें आंखूड, ताठ व किंचित् तांबूस होतें. आमच्या मतें घरांतील घटपर्णी घट कां धरीत नाहीं ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर बहुधा उजेड हेंच असतें. लोक मात्र तिच्यावर पाणी फवारीत बसतात.

तथापि कोरडी हवा हाहि शत्रु खराच, विशेषतः देशावरील मे महिन्यांत. १८३० च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड ह्या डॉक्टरास बंद कांचेंत नेच्याचें रोप आपोआप वाढतांना आढळलें, आणि १८३३ सालीं त्याच्या कांचेच्या पेट्यांतून रोपें समुद्रमार्गें सिडनीपर्यंत जिवंत पोंचलीं. आमची पेटी म्हणजे एक जुनी माशांची कांचपेटी. तिच्यांत वेल ठेवून वर अर्धवट कांच टाकली. अशी पेटी थेट उन्हांत ठेवल्यास आंतील झाड शिजून निघतें. म्हणून ती खिडकीपासून हातभर आंत ठेवावी. पावसाळा सुरू झाल्यावर कांच रोज थोडथोडी सरकवून तीन आठवड्यांनीं पूर्ण काढली.

उष्णतेविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तेथें शुश्रूषेचें कांहीं चालत नाहीं. कांहीं घटपर्णी सखल, उष्ण अरण्यांत राहतात, तर कांहीं उंच पर्वतांवर, जेथें रात्र थंड असते. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरील 'राजा' नांवाची जाति ह्यू लो ह्यानें १८५८ सालीं शोधली. तिच्या घटांत दोन लिटरांहून अधिक पाणी मावतें. एकोणिसाव्या शतकांतील विलायतेच्या नामांकित बागवानांनीं ती आणविली, तरी ती टिकवणें त्यांस फार जड गेलें. पर्वतावरची जाति आपल्याकडील उन्हाळ्यांत आणून ठेवली तर ती सावकाश मरणार, आणि त्यांत ठेवणाऱ्याचा हात वाईट असें नाहीं. आमची वेल सुदैवानें सोशिक अशा संकरांपैकीं निघाली.

मेच्या सुटींत शाळा बंद, म्हणून पेटीसकट वेल त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेली. त्याच्या मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं तांदळाचें धुवण आणून ठेवलें. त्यांच्या साऱ्या कुंड्यांस तें मानवतें, मग हिनें काय पाप केलें आहे, असा त्यांचा प्रश्न. मुलानें आईस जें समजावून दिलें तें आमच्या वर्गांतील व्याख्यानापेक्षां सरस असावें, कारण पुढें त्याच शेजारणींस धुवणापासून परावृत्त करूं लागल्या. सुटींत एकदां पानांच्या बगलेंत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानें तो दर दोन दिवसांनीं पुसून काढला, आणि तीन आठवड्यांत तो नाहींसा झाला.

मेअखेर नवें पान आलें, घट नाहीं. जूनमध्यें दुसरें, घट नाहीं. मुलाचा धीर सुटत चालला होता. ह्या वेळीं खत, जागा किंवा मिश्रण पुन्हां बदलण्याचा मोह फार होतो आणि पुष्कळ वेली ह्याच मोहाला बळी पडतात. मुळें नुकतीं रुजत असतात, तों पुन्हां उपटलीं जातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत तिसऱ्या पानाच्या तंतूचें टोंक तांदळाच्या दाण्याएवढें फुगून वर वळलें. ऑगस्टमध्यें त्याचें झांकण उघडलें. घट बोटाएवढाच होता. आंत मुंगी पडली ती आपण होऊन. आतां आम्ही महिन्याकाठीं एखाद्या घटांत एखादी मेलेली माशी घालतों, त्याहून अधिक नाहीं.

ज्यांच्या वेलीचा शेंडाच वाळला असेल त्यांनींहि कुंडी फेंकूं नये. बुंध्यापासून पुष्कळदां नवा कोंब फुटतो. त्यास दोन-तीन महिने द्यावेत. आणि नवीन वेल घेणारांनीं ती रोपवाटिकेंत वाढविलेलीच घ्यावी. मेघालयांतील जाति रानांतून उपटून विकली गेल्यामुळें धोक्यांत आली आहे, आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधन आहे.

ह्या वेलीस 'नेपेंथीस' हें नांव लिनीअसनें १७३७ सालीं दिलें. होमरच्या 'ओडिसी' काव्यांत शोक विसरविणारें एक औषध आहे, त्यावरून तें घेतलेलें आहे. आमच्याकडे औषधाच्या आधीं शोक झाला, एवढेंच. सप्टेंबरमध्यें लांब वाढलेला एक फांटा कापून त्याचे दोन-दोन डोळ्यांचे चार तुकडे केले, पानें निम्मीं छाटलीं, आणि ओल्या शेवाळांत लावून पेटींत ठेवले. त्यांपैकीं तिघांस मुळें फुटलीं आहेत. ज्या विद्यार्थ्यांस कलम हवें असेल त्यांनीं वर्गशिक्षकांकडे नांव द्यावें. मात्र येतांना घरीं साठविलेल्या पावसाच्या पाण्याच्या दोन बाटल्या दाखविल्याशिवाय कलम मिळणार नाहीं, असा त्या आठवीच्या विद्यार्थ्यानें नियम केला आहे.