सायकलचे चाक आणि शिलालेखातले व्याज

परीक्षा जवळ आली की आपल्या वस्तीत आधी मुलांच्या सायकलींना कुलूप लागते. मुलींच्या सायकलींना तर जरा लवकरच. ‘फिरणे पुरे, अभ्यासाला बस’ असे आपणच म्हणतो. शिकवणीची फी न परवडणाऱ्या घरात ही काळजी समजण्यासारखी आहे. पण सायकलची एक फेरीही अभ्यास होऊ शकते. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीचे उदाहरण घेऊ. शहराच्या मध्यापासून ती साधारण ८ किलोमीटरवर आहे.

गणित घरातूनच सुरू होते. टायरवर खडूने खूण करून चाक एक फेरा पुढे न्यायचे आणि अंतर मोजायचे. लहान सायकलीचे ते १.६ मीटर आले, तर लेणीपर्यंत चाकाचे ५००० फेरे होतील. या अंतराला चाकाच्या व्यासाने भागले की ३.१४ च्या जवळची संख्या मिळते. पाय म्हणजे काय, हे मुलाला स्वतःच सापडते.

पुढे विज्ञान. पेडलच्या चक्राला ३६ आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते. ब्रेकचे रबर रिमला घासून चाक थांबते, ते घर्षण. वाटेतली वळणे आणि दिशा वहीत काढल्या की नकाशा तयार. डोंगराचा काळा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला बेसाल्ट.

सायकली पायथ्याशी लावून पायऱ्या चढलो की १० क्रमांकाचे लेणे गाठायचे. तिथे उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. गुणून पाहा, २४० च येतात! उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण व्याज होते. त्याचे वर्षाचे उत्तर मुलांना काढू द्या; ९० यायला हवे.

व्याजाचे गणित पुस्तकात रुक्ष वाटते, इथे ते इतिहास होऊन समोर उभे राहते. घरी आल्यावर मुलांनी या फेरीवर दहा ओळी लिहिल्या की भाषेचाही अभ्यास झाला.

पथ्ये थोडीच. लेणी मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे, म्हणून लहान मुलांना एकटे पाठवू नये. मोठ्यांनी सोबत राहून आतल्या रस्त्याने न्यावे. हेल्मेट आणि पाणी हवेच. सगळे विषय एकाच दिवशी कोंबू नयेत.

भगवंतांनी धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले, या आणि पाहा. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की मुलामुलींच्या सायकलींची हवा तपासू आणि आपल्या जवळच्या लेणीकडे निघू.