धुऱ्यावरचा होला

मलकापूरच्या शिवारात पऱ्हाट्या उपटून झाल्या की काळं रान उघडं पडतं आणि एरवी नुसता ऐकू येणारा छोटा तपकिरी होला दिसू लागतो. दिसतो तोही हलला तरच. माणूस जवळ आला तरी तो लगेच उडत नाही. ढेकळाआड सरकतो, अंग मातीशी लावतो आणि थांबतो. अगदीच पाऊल जवळ पडलं तर फडफडत उठतो. शेपटीच्या कडांचा पांढरा रंग क्षणभर झळकतो आणि पुढच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरून त्याचं पायी हिंडणं पुन्हा सुरू.

त्याचं पोट भरतं ते जमिनीवरच. पायांनी उकरणं नाही. चोचीने काडीकचरा बाजूला सारायचा आणि गवताचं, तणाचं बी, सांडलेली ज्वारी अख्खीच गिळायची. इतक्या कोरड्या खाण्याला पाणी रोज लागतं. हौदावर तो चोच बुडवून सलग ओढून घेतो. चिमणीला घोटागणिक मान वर करावी लागते, याला नाही. उघड्यावर धोका असताना पाणी असं झटपट उरकणं फार मोलाचं.

धुऱ्यावरच्या एका बोरीकडे बोट दाखवून निंदणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "तिले हात नका लावू, होल्याचा खोपा हाय तिच्यात." लांबूनच पाहत बसलो. नर एका वेळी एकच काडी आणी. मादी ती चोचीत घेऊन पोटाखाली सरकवी. खोपा इतका विरळ की खालून दोन पांढरी अंडी दिसावीत. लोक याला गबाळेपणा म्हणतात. मला त्यात काटकसर दिसते.

सुमारे दोन आठवड्यांनी पिल्लं निघतात आणि खरी नवलाई तिथे आहे. पिल्लं आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसतात. दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून प्रथिनं आणि चरबीने भरलेलं दाट अन्न तयार होतं. त्याला कपोतदुग्ध म्हणतात. आपल्या मातांच्या दुधामागे असलेलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं, ते कबुतरांच्या याच अन्नपिशवीवरच्या प्रयोगांतून. बहुतेक दाणे खाणाऱ्या पाखरांना पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात. होल्याला दाणा आणि पाणी पुरतं, म्हणून भर उन्हाळ्यातही त्याचा संसार मांडलेला असतो.

पण दाणा हवाच. ज्वारीची जागा कपाशी-सोयाबीनने घेतली, तेव्हापासून तणाच्या बियांवरच त्याची भिस्त वाढली आहे. अलीकडे तणनाशकाची फवारणी पिकापुरती न थांबता धुराही जाळून टाकते. पिकाला अडचण नसेल तिथला धुरा तरी फवाऱ्यातून सोडावा, एवढं मी भेटेल त्या शेतकऱ्याला सांगतो. बोरीखालचा पट्टा त्या शेताच्या मालकाने यंदा सोडला आहे. आधीची पिल्लं उडून गेल्यावर होल्याने तिथेच पुन्हा काड्या आणायला घेतल्या आहेत.