विश्लेषण : खोसा आणि डच भाषांत फरक काय? डच शब्द खोसात कसे पोहोचले?

नेल्सन मंडेला यांची मातृभाषा खोसा. वर्णद्वेषी राजवटीने त्यांना २७ वर्षे तुरुंगात ठेवले, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्यांची भाषा होती आफ्रिकान्स, म्हणजे डचची थेट वंशज. मंडेलांनी तुरुंगात ती शिकून घेतली. समोरच्याला समजून घ्यायचे तर त्याची भाषा यायला हवी, असे त्यांचे मत होते. खोसा आणि डच या दोन भाषांची कुळे, उच्चार, व्याकरण असे सारेच वेगळे. तरीही रोजच्या वापरातले कितीतरी डच शब्द आज खोसा घरांत सर्रास बोलले जातात. हे कसे घडले?

कोणती भाषा कुठली?

खोसा ही आफ्रिकेतील बांटू भाषासमूहातली. झुलू ही तिची सख्खी बहीण. २०२२च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेतील सुमारे १६ टक्के लोकांच्या घरात खोसा बोलली जाते. ईस्टर्न केप हा तिचा मुख्य प्रांत. हॉलिवूडच्या ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) चित्रपटात वकांडा या काल्पनिक देशातील लोक हीच भाषा बोलतात.

डच ही इंग्रजी आणि जर्मनच्या कुळातली. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग आणि दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम येथे ती अधिकृत भाषा आहे. जगभरात सुमारे अडीच कोटी लोक ती बोलतात. मराठीप्रमाणे डचही इंडो-युरोपीय कुटुंबातली, त्यामुळे ती आपली लांबची नातेवाईक ठरते. डचमधला ‘नाम’ म्हणजे नाव, ‘तांड’ म्हणजे दात आणि ‘आख्त’ म्हणजे आठ. खोसाशी मात्र असे नाते नाही.

जीभ ‘वाजवून’ बोलतात म्हणजे काय?

हळहळ व्यक्त करताना आपण ‘च्च च्च’ करतो. बैल किंवा घोडा हाकताना गालाच्या बाजूने जिभेचा आवाज काढतो. बाटलीचे बूच निघावे तसा ‘टॉक’ आवाजही जिभेने काढता येतो. मराठीत हे नुसते आवाज आहेत, खोसात ती व्यंजने आहेत. रोमन लिपीत ती अनुक्रमे ‘सी’, ‘एक्स’ आणि ‘क्यू’ या अक्षरांनी लिहितात. या तिन्हींचे प्रत्येकी सहा प्रकार धरले, तर अशी १८ व्यंजने होतात. ‘खोसा’ या नावातले पहिले अक्षरही त्यातलेच. ते देवनागरीत लिहिताच येत नाही, म्हणून आपण ‘ख’वर भागवतो.

हे ध्वनी मूळ बांटू भाषांतले नाहीत. खोई आणि सान या स्थानिक समाजांच्या सहवासातून ते खोसात आले. त्यामागे ‘हलोनिफा’ ही प्रथाही असावी, असे काही अभ्यासक मानतात. या प्रथेनुसार सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावातली अक्षरेही उच्चारायची नसतात. त्यामुळे नेहमीच्या शब्दांना पर्याय शोधावे लागत आणि ते शेजारच्या भाषांतून घेतले जात. नवऱ्याचे नाव घेण्यासाठी उखाण्याचा आधार घेणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट फार परकी वाटू नये.

व्याकरणात कोणती अवघड?

मराठीत तीन लिंगे, डचमध्ये ‘द’ आणि ‘हेट’ असे नामांचे दोनच गट. खोसात मात्र नामांचे सुमारे १५ वर्ग आहेत. नामाचा वर्ग त्याच्या सुरुवातीच्या उपसर्गावरून कळतो आणि क्रियापदही त्यानुसार बदलते. ‘उम्न्तु उयाहाम्बा’ म्हणजे माणूस चालतो, तर ‘आबान्तु बायाहाम्बा’ म्हणजे माणसे चालतात. दोन्ही शब्दांत बदल झाला तो सुरुवातीला.

खोसात एका शब्दात अख्खे वाक्य मावते. ‘न्दियाकुथान्दा’ म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’. यात ‘न्दि’ म्हणजे मी, ‘या’ वर्तमानकाळाची खूण, ‘कु’ म्हणजे तुला आणि ‘थान्दा’ म्हणजे प्रेम करणे. डचमध्ये त्यासाठी चार सुटे शब्द लागतात : ‘इक हाउ फान ये’.

मराठी माणसाला डचची दोन वळणे ओळखीची वाटतील. ‘मला माहीत आहे की तो उद्या येतो’ या वाक्यात ‘की’नंतरचे क्रियापद शेवटी येते, डचमध्येही तसेच. आणि २१ म्हणताना डच माणूस ‘एक आणि वीस’ म्हणतो, आपल्या ‘एकवीस’सारखे.

मग गाठ कुठे पडली?

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२मध्ये जहाजांना ताजे पाणी आणि भाजीपाला मिळावा म्हणून केप येथे ठाणे उभारले. त्याच शतकात या कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. वेंगुर्ल्यात डच फार टिकले नाहीत, केपमध्ये मात्र वस्ती वाढत गेली. कुरणांच्या शोधात पूर्वेकडे सरकणाऱ्या डच शेतकऱ्यांची अठराव्या शतकात खोसांशी गाठ पडली. व्यापार झाला तशाच लढायाही झाल्या. १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत, आधी डच वसाहतवाल्यांशी आणि पुढे ब्रिटिशांशी, नऊ युद्धे झाली.

या संपर्काच्या खुणा शब्दांत राहिल्या. डच ‘स्टूल’ म्हणजे खुर्ची, तिचे खोसात ‘इसितुलो’ झाले. टेबलासाठीच्या ‘टाफल’चे ‘इताफिले’, दुकानासाठीच्या ‘विंकल’चे ‘इवेन्किले’ आणि गावासाठीच्या ‘डॉर्प’चे ‘इदोलोफू’. नव्या शब्दाला आधी खोसा उपसर्ग लागतो, जोडाक्षरे फुटतात आणि शेवटी स्वर येतो. ‘डॉर्प’मधल्या ‘र’चा ‘ल’ झाला, कारण जुन्या खोसात ‘र’ नव्हता.

भाषेचा वाद पेटला तो कधी?

केपमधल्या डचचे रूप बदलत तिची आफ्रिकान्स झाली आणि १९२५मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. वर्णद्वेषी सरकारने कृष्णवर्णीयांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती केली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात शाळकरी मुले मारली गेली. तो दिवस आज तिथे युवा दिन म्हणून पाळला जातो. १९९६च्या राज्यघटनेने खोसा आणि आफ्रिकान्ससह ११ भाषांना समान दर्जा दिला.

आज स्थिती काय?

कागदावर दर्जा समान असला, तरी साधने समान नाहीत. डच विकिपीडियावर २० लाखांहून अधिक लेख आहेत, खोसात ही संख्या काही हजारांच्या घरात आहे. यंत्रे भाषा शिकतात ती लिखित मजकुरातून, त्यामुळे भाषांतर आणि आवाज ओळखणाऱ्या तंत्रज्ञानात खोसा मागे पडते. एकेका शब्दाची शेकडो रूपे होत असल्याने साधा शुद्धलेखन तपासकही बनवणे कठीण जाते.

शाळेतही तेच. खोसा मुले पहिली तीन वर्षे मातृभाषेत शिकतात आणि चौथीत बहुतेकांचे माध्यम एकदम इंग्रजी होते. चौथीनंतरही मातृभाषेची साथ राहावी, यासाठी ईस्टर्न केपमध्ये द्विभाषिक शिक्षणाचे प्रयोग सुरू आहेत. गणित आणि विज्ञानाची पुस्तके खोसात किती वेगाने तयार होतात, यावर त्यांचे यश ठरेल.